तुरकाठी चंद्रकळा

पौषात आमच्याकडची शेतं दोन रंगांची होतात. वेचणीला आलेला पांढरा कापूस, आणि त्याच्या ओळींमधून कुठे फुललेली, कुठे शेंगा धरलेली तूर. लोकांना हा महिना आवडतो. हुरडा असतो, बोरं असतात, दुपारचं ऊनसुद्धा गोड लागतं. मला मात्र पौष लागला की कपाट उघडायचं जिवावर येतं. उघडलं की हात आपोआप तळाशी जातो, आणि तळाशी ती चंद्रकळा आहे.

यंदा ते टाळता आलं नाही. माझी नातसून मुक्ता परभणीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन, सहा बायकांना हाताशी धरून पोरीबाळींचे कपडे शिवते. आता तिच्या डोक्यात नवं खूळ आहे. नुसतं शिवायचं नाही, कापडही इथंच विणून घ्यायचं. परवा जेवताना ताट तसंच ठेवून मला म्हणाली, "आजी, कॉलेजच्या पोरी रोज विचारायल्यात. त्यांना फॅशनचं पाहिजे. जे परवडतं ते दोन धुण्यांत विटतं, आणि जे टिकतं ते परवडत नाही. कापूस आपला, हात आपले, मग कापड बाहेरून कशाला आणायचं?"

मी म्हटलं, "आधी जेव. फॅशन कुठं पळून जात नाही."

ती जेवली, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "पूर्वी आपल्या गावात माग होते म्हणे. ते का बंद पडले?"

"गिरण्या आल्या, बाई," मी म्हणाले.

हे उत्तर मी गेली साठ-पासष्ट वर्षं देत आले आहे. मुलांना दिलं, नातवंडांना दिलं, गावाची माहिती लिहायला आलेल्या एका मास्तरांनाही दिलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मान डोलावली. उत्तर खोटं नाही. गिरण्या आल्याच होत्या, गावोगावचे माग थांबलेच होते. मोठ्या कारणाच्या आड एक बाई सहज लपते. पण आमच्या गावचा शेवटचा माग काही गिरणीनं बंद पाडला नाही. तो मी बंद पाडला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धाला अजून तोंड लागायचं होतं. माझं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालं होतं आणि मी पंधरा वर्षांची, पाटलाची धाकटी सून म्हणून या गावात आले होते. गाव राणीसावरगावच्या वाटेवर, गंगाखेडपासून बैलगाडीनं दिवसभराच्या अंतरावर. साळीगल्लीत एकेकाळी बारा माग होते असं सांगायचे. मी आले तेव्हा एकही चालत नव्हता. विणकरांच्या घरांत पाय सोडून बसायचे जे खड्डे असतात, त्यांत कोंबड्या बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आमच्या रानातला कापूस गाड्या भरभरून परभणीला जायचा, तिथून रेल्वेनं कुठे कुठे फिरायचा आणि लुगडं होऊन गावच्या दुकानात परत यायचा. बायका ते लुगडं हातात घेऊन म्हणायच्या, काय बाई पोत आहे!

त्या वर्षी दसऱ्याला तुळशीराम साळी आणि त्याची बायको गिरजाबाई नांदेडहून परत आली आणि त्यांनी घरचा माग पुन्हा उभा केला. तुळशीराम तिथे गिरणीत कामाला होता. गिरणीत राहून त्यानं एक गोष्ट हेरली होती: बारीक सूत आता विकत मिळतं आणि आडवा धागा नेणारा धोटा दोरीच्या झटक्यानं फेकला तर माग दुप्पट चालतो. गिरजाबाईनं दुसरी गोष्ट हेरली होती. पूर्णा स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलं की ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे काठ बघायची. कोणता काठ बघून दुसरी बाई वळून पाहते, हे ती मोजायची. मला तिनंच हे सांगितलं. "वैनी, बाई तोंडाकडं बघत न्हाई. पयले काठाकडं बघती, मंग तोंडाकडं."

पाटलाच्या सुनेला साळीगल्लीत जायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, त्या निरोप द्यायला मला पाठवायच्या आणि मी निरोप देऊन तिथेच रेंगाळायची. गिरजाबाईच्या भिंतीवर कोळशानं काढलेले काठ होते. त्यात एक मला फार आवडला. तुरीचं फूल. पिवळी पाकळी, तिच्या पाठीवर तांबड्या रेषा, आणि दोन फुलांच्या मध्ये एक शेंग. काळ्या अंगावर तो काठ कसा दिसेल हे तिनं हातवारे करून दाखवलं, आणि मला ते खरोखर दिसलं.

काळा रंग तिचा स्वतःचा होता. नवऱ्याचं म्हणणं होतं पुडीचा रंग आणावा, लवकर होतं. ती ऐकेना. हिरडे कुटून त्यांच्या काढ्यात सूत बुडवायचं, वाळवायचं. अंगणात एका मडक्यात गंजके खिळे, मोडके विळे आणि गूळ घालून पाणी मुरत ठेवलेलं असायचं. त्याचा वास असा की कुत्रं जवळ येत नसे. हिरड्याचं सूत त्या पाण्यात घातलं की बघता बघता काळं व्हायचं, अमावास्येसारखं. ती ओलं सूत पांढऱ्या चिंधीवर घासून मला दाखवायची. चिंधी पांढरीच राहायची.

"माजा रंग उनाला भेत न्हाई, पान्याला भेत न्हाई," ती म्हणायची. "निस्तं आंबट त्याला चालत न्हाई. चिंच, लिंबू, ताक, लांब ठिवायचं. तेवढं सांबाळलं तर लुगडं फाटंल, पर रंग हालायचा न्हाई."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन! माझ्या कानात ते अजून तिच्याच आवाजात आहे.

आमच्याकडे नव्या लुगड्याची घडी मोडायचा मान असतो. आपलं लुगडं आपण नेसण्याआधी कुणा मायेच्या, भरल्या घरच्या बाईला एकदा नेसायला द्यायचं. तिनं घडी मोडली की लुगडं लाभतं. गिरजाबाईनं या रीतीचा जो उपयोग करायचा ठरवला तो आजच्या जाहिरातवाल्यांना सुचायचा नाही. मार्गशीर्ष संपता संपता ती आमच्या घरी आली आणि आत्याबाईंच्या पायाशी ती पहिली चंद्रकळा ठेवली.

"धाकल्या वैनींची पयली सक्रांत हाय," ती म्हणाली. "काळं नेसायचंच हाय, तर माज्या मागाची घडी त्येंनी मोडावी. वैनी नेसल्या की गाव नेसंल."

आत्याबाईंनी कापड बोटांत चोळून पाहिलं. त्या सहसा कशाला चांगलं म्हणत नसत. "गिरणीच्या तोडीचं हाय गं," त्या म्हणाल्या. "आन् जड बी न्हाई."

गिरजाबाई हसली. मग तिनं हळूच सांगितलं की पुढच्या लग्नसराईसाठी गावातल्या दहा-बारा घरांनी विचारलं आहे, पण सगळे म्हणतात संक्रांतीला बघू. तुळशीरामानं नांदेडची नोकरी सोडली होती. संक्रांत चांगली गेली तर साळीगल्लीतले आणखी दोन माग सुरू होणार होते, वाईट गेली तर ती दोघंही परत जाणार होती. हे तिनं रडून नाही सांगितलं. तुरीचं पीक यंदा कसं आहे ते सांगावं तसं सांगितलं.

आत्याबाईंनी मला बजावलं, "सक्रांतीलाच नेसायची. ववसा घ्यायला जाताना. त्येच्या आधी हात लावायचा न्हाई. पयल्या सक्रांतीचं काळं आधी नेसलेलं चांगलं नसतंय."

आता भोगीच्या दुपारची गोष्ट. भोगीला आमच्याकडे तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, सगळ्या शेंगांची मिळून भाजी, लोणी. जेवणं झाली, आत्याबाई जरा आडव्या झाल्या. मी परसात दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवाची तबकं घासत बसले होते. पितळ चिंचेनं घासायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. तबक लख्ख झालं, त्यात मला माझं तोंड दिसलं. आणि मनात आलं, त्या चंद्रकळेत हे तोंड कसं दिसेल?

मी फार चांगली मुलगी होते असं माझी मुलं समजतात. त्यांनी मला त्या दुपारी पाहायला हवं होतं. हात नेसूच्या लुगड्याला पुसले. धुतले नाहीत. पुसले. पेटीतून चंद्रकळा काढली, भराभर कशीतरी गुंडाळली, आणि यजमानांच्या दाढीच्या आरशासमोर उभी राहिले. आरसा एवढासा, त्यात एका वेळी एकच काहीतरी दिसायचं, नाहीतर काठ, नाहीतर मी. मग मी पदर हातात धरून दाराच्या उजेडात पसरला. तुरीची फुलं त्या काळ्यावर अशी उठली होती की रानात गेल्यासारखं वाटलं. किती वेळ धरून उभी राहिले कोण जाणे. आत्याबाई खोकल्या तशी घडी घालून पेटीत टाकली आणि परसात पळाले. मी अगदी खुशीत होते.

संक्रांतीच्या सकाळी न्हाऊन घडी उलगडली. पदरावर चार बोटं आणि एक अंगठा. तांबूस, गंजासारखी.

आज वाटतं, तेव्हाच पदर घेऊन साळीगल्लीत धावत जायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात चिंच आलीच नाही. मला वाटलं हळदीचा हात लागला असेल. आणि डाग म्हटला की काय लावायचं? माहेरी काय लावायचे? परसातल्या झाडाचं लिंबू तोडलं, पिळलं आणि चोळलं. बोटं गेली. त्यांच्या जागी तळहाताएवढा मातकट डाग पडला. मी पाण्यानं धुतला, तो आणखी उघडा झाला. तेव्हा कुठे ते वाक्य आठवलं. आंबट त्याला चालत न्हाई.

बाहेरून आत्याबाई हाका मारत होत्या. मी डागाचा भाग आत खोचून चंद्रकळा नेसले.

देवळात सगळं गाव जमलेलं. सुगडांत गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. बायका एकमेकींना ववसा देत होत्या, तिळगूळ देत होत्या, आणि डोळे सगळ्यांचे माझ्या काठावर. गिरजाबाईचं खरं ठरलं होतं. आधी काठ, मग तोंड. "कुठून आणलं गं?" "साळ्याच्या गिरजीचं? काय सांगती!" "आमच्या ठकीच्या लग्नाला असंच पायजे." गिरजाबाई खांबाला टेकून उभी होती. तिच्या अंगावर जुनं विटकं लुगडं होतं. स्वतःसाठी विणायला तिला अजून सवड झाली नव्हती.

मी कुणाला तरी कुंकू लावायला वाकले आणि खोचलेला पदर सुटला.

पहिल्यांदा दुकानवाल्या काकूंनी पाहिलं. त्यांच्या दुकानात गिरणीची लुगडी होती. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही, डोळ्यांना दिसलं ते बोलल्या. "अगं बाई! येका दिसात रंग उडाला की!"

हात पुढे आले. पदर या हातातून त्या हातात गेला. कुणी म्हणालं, गावठी रंगाचं असंच. कुणी म्हणालं, बरं झालं आधी बघितलं. आत्याबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर, पण हळू विचारलं, "काय गं, काय सांडलं का येच्यावर?"

खरं सांगितलं असतं तर आधी घडी मोडली हे सांगावं लागलं असतं. पहिल्या संक्रांतीचं काळं भोगीला नेसले, आत्याबाईंचा शब्द मोडला, तोही आरशात बघायला. पंधरा वर्षांच्या सुनेला हे केवढं मोठं वाटतं ते आज कुणाला समजावू? आणि समजावलं तरी काय? गिरजाबाई समोर उभी होती.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "काई सांडलं न्हाई."

गिरजाबाई पुढे आली. तिनं पदर हातात घेतला, डाग पाहिला, आणि मग नाकाशी नेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. देवळात सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "माजंच चुकलं असंल. लोखंडाचं पानी कमी पडलं असंल."

बस्स, एवढंच. तिळगूळ वाटून संपला, बायका घरी गेल्या.

लग्नसराईत गावात आठ-नऊ लग्नं झाली आणि सगळी लुगडी दुकानातून आली. ठकीचंसुद्धा. तुळशीराम बायकोवर चिडला होता, हे साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. पुडीचा रंग आणला असता तर हे झालं नसतं, तुझ्या मडक्यानं घर बुडवलं, असं तो म्हणायचा. ती उलट बोलत नसे. मी साळीगल्लीत जायचं सोडून दिलं होतं. आत्याबाई निरोप द्यायला सांगत तेव्हा मी दुसऱ्या कुणाला पाठवायची. झटक्याच्या धोट्याचा खटखट आवाज आमच्या परसापर्यंत येत असे, तो आधी दुपारपुरता राहिला, मग एके दिवशी आलाच नाही.

फाल्गुनात ती दोघं नांदेडला परत जायला निघाली. गाडी भरून झाल्यावर गिरजाबाई आमच्या मागच्या दाराशी आली. मी दळत होते. उठून पळायला जागा नव्हती.

तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी दिली. "हिरड्याची पूड हाय. गरम पान्यात घालून पदर बुडवायचा, वाळवायचा, मंग लोखंडाच्या पान्यात धरायचा. डाग ऱ्हात न्हाई. येका दुपारचं काम हाय."

मी पुरचुंडी कमरेला खोचली.

"त्या दिशी पदराला चिंचंचा वास येत हुता, वैनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला अजून सोसत नाही. "मी आठ दिस वाट बघितली. तुमी बोलताल म्हनून."

"मग तुमी का न्हाई बोललात?" मी विचारलं. बघा, चूक माझी आणि जाब मी विचारत होते.

"पाटलाच्या सुनंला खोटं पाडून साळ्याला गावात कापड इकता येतंय व्हय?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "जाऊ द्या. लेकरूच हाव तुमी बी." आणि गेली.

एका दुपारचं काम होतं. मी सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी सगळ्या बायकांसमोर तो डाग घालवून दाखवला असता, आणि मग त्या रंगाची कीर्ती गंगाखेडपर्यंत गेली असती. हे मी किती वेळा मनात घडवून पाहिलं आहे! मनातल्या गावात बारा माग चालतात.

पुढे लढाई झाली, कापड कंट्रोलवर गेलं. दुकानातून एक लुगडं मिळायला बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि तरी हात हलवत परत यायच्या. ठिगळाला ठिगळ लावून नेसायचे दिवस आले. तेव्हा आत्याबाई एकदा सुस्कारा टाकून म्हणाल्या, "गिरजीचा माग असता तर बरं झालं असतं गं." मी चुलीत फुंकर घालत होते. धुराचं निमित्त करून डोळे पुसले. तेव्हाही सांगता आलं असतं. त्यानंतर रझाकारांची धामधूम झाली, निजामाचं राज्य गेलं, आत्याबाई गेल्या, यजमान गेले. सांगायची माणसं एकेक करून कमी होत गेली आणि मला, खरं सांगते, थोडं हलकं वाटत गेलं. याचीही लाज वाटते. नांदेड काही परदेश नव्हता. शोधायचं असतं तर गिरजाबाई सापडली असती.

हिरड्याची पुरचुंडी मी कधी सोडली नाही. सुरुवातीला भीतीनं, कुणी विचारलं तर काय सांगू म्हणून. नंतर वाटू लागलं की डाग गेला तर झालेलं कुणाच्याच लेखी उरणार नाही, आणि मी खरोखरच चांगली बाई होऊन मरेन.

तर परवा मुक्तानं कपाट उघडलं. तिला जुने काठ पाहायचे होते. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं तळातून चंद्रकळा ओढून काढली आणि खिडकीपाशी नेऊन उलगडली. तुरीची फुलं तशीच आहेत. पिवळा किंचित मावळला आहे, काळा मात्र हललेला नाही. मुक्ताचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, हे आपल्या गावचं? एवढं सुंदर? आणि तुम्ही म्हणता गिरणीपुढं टिकलं नाही?" ती काठावरून बोट फिरवत गेली, पदरापाशी आली आणि थांबली. "अरे, हा डाग कशाचा?"

मला वाटलं, डाग बघून ती घडी घालेल. पण ती कामाची मुलगी. "थांबा, आत्ता घालवते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि अर्धं कापलेलं लिंबू घेऊन आली.

माझ्या गुडघ्यांची काय अवस्था आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कशी उठले मला कळलं नाही. तिचं मनगट मी घट्ट धरलं.

"लिंबू नको! आंबट त्याला चालत न्हाई."

ती दचकली. मी तिच्याशी कधी अशी ओरडले नव्हते, आणि त्या बोलीत तर कधीच नाही. "बरं, बरं, नाही लावत," ती म्हणाली. लिंबू तिनं लांब टेबलावर ठेवलं. मग मला खाली बसवत म्हणाली, "पण तुम्हाला कसं माहीत?"

"जिनं विणलं तिनं मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "आधीच सांगितलं होतं."